ब्रेकची तार

बोएंगेच्या उसात जंगलातले बोनोबो वानर शिरायला लागले, तेव्हा अख्ख्या गावानं तिला एकच ऐकवलं: मारू नकोस, ते आपले सोयरे.

"सोयरे खाऊन जातात, खुरपायला एक येत नाही," ती म्हणायची. पण दगड तिनं कधी मारला नाही.

मग धाकट्या दिरानं, लोकुलीनं, तिला न विचारता बांधाला फास लावले. सायकलच्या ब्रेकची तार, वाकवलेल्या रोपट्याला दोरीनं बांधलेली. आज सकाळी त्यात मादी अडकली. काळं तोंड, गुलाबी ओठ, मधोमध भांग पाडल्यासारखे केस, पोटाला बिलगलेलं पोर. तार दोन बोटांत रुतलेली. कळप झाडांवर किंचाळत होता, जवळ कुणाला फिरकू देत नव्हता.

जंगलाचा राखणदार इयोफो आला आणि बघत बसला. "हात लावू नका. परवा डॉक्टर येईल होडीनं."

"परवापर्यंत हात सडेल तिचा."

"नियम आहे, बाई."

"नियम तुझ्याकडं, कोयता माझ्याकडं."

पण कळप हलायला हवा होता. त्याला हलवणारी एकच गोष्ट होती, आणि ती तिनंच पिकवली होती. शिव्या देत तिनं ऊस तोडला, मोळ्या पार नदीकडच्या टोकाला नेऊन टाकल्या. इयोफो आणि लोकुली, दोघे बाप्ये, उभे राहून बघत होते. कळप तिकडं उतरला, तशी ती वाकून रोपट्यामागं गेली आणि एका घावात दोरी तोडली. मादी पोरासकट झाडावर गेली. तार बोटांत तशीच. वर एक म्हातारी मादी तिचा हात धरून तार दातांनी ओढत बसली. सुटेल, नाहीतर बोटं जातील.

"वहिनी, मी डुकरासाठी लावला होता," लोकुली म्हणाला. "आपण त्यांना खातो का कधी?"

"ते तारेला सांग. बाकीचे फास कुठायत?"

"आणि मटण? कालचं हरीण असल्याच तारेतलं. तूच शिजवलंस."

खरं होतं. मडक्यात रस्सा अजून होता. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"मी शिजवलं, आता मीच सांगते, दाखव."

"मग उद्या खायचं काय?"

"पोंदू."

"नुसता कसाव्याचा पाला?"

"नुसता पाला. चल."

लोकुली कुरकुरत पुढं झाला. दुसरा फास वाटेलगतच होता. तिनं तो उपटला, तार कोपराला गुंडाळली आणि म्हणाली, "पुढचा."