दोन कुत्री आणि उचलून लावायचे फाटक

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. आत्मवृत्त सांगावे असे माझ्या आयुष्यात काही आहे का, याची मला खात्री नाही. माणसे माझ्यातून आली नि गेली, मी जागेवरच राहिले. शिवाय मी कुरकुरते असा माझा लौकिक आहे. म्हणून मित्रांनो, सांगण्यात कुठे कडवटपणा जास्त वाटला, तर तो माझ्या बिजागऱ्यांचा दोष समजा.

माझा जन्म वेल्डिंगच्या दुकानात झाला. चौकट नवी होती, गज मात्र कुणाच्या तरी मोडलेल्या खिडकीचे. "हत्ती धडकला तरी हलणार नाही," असे वेल्डरने सांगितले होते. हत्ती कधी आला नाही. बॅटऱ्यांचा टेम्पो मात्र मागे येता येता माझ्या डाव्या खांबाला धडकला, आणि माझी डावी झडप कायमची खाली झुकली. तेव्हापासून कडी लावायची तर ती झडप हाताने थोडी वर उचलावी लागते. हे जमे फक्त घरातल्या आईला. ती शिवणकाम करी आणि तिच्या हाताला बेताबेताने ओढायची सवय होती. बाबांचे अंगणातच बॅटरी दुरुस्तीचे दुकान. ते मला नुसते ढकलून निघून जात. मी पुन्हा उघडे.

उजव्या झडपेखाली बोटभर जास्त जागा राहिली होती. तिथून लंगडी नावाची मांजर ये-जा करी. घरातली मोठी मुलगी माझ्यावर लोंबकळून झोके घेई, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचा भाऊ नुकता पाय टाकायला शिकला होता. तो माझे गज चाटायचा. चव कशी लागत असेल, कोण जाणे.

एके दुपारी सगळे जेवत असताना कुणीतरी हातगाडी आत आणली आणि अंगणातल्या बॅटऱ्या भरून नेल्या. समोरच्या शिंप्याने पाहिले होते, पण त्याला वाटले गिऱ्हाईक असेल. बाबा बाहेर आले, रिकामी जागा पाहिली आणि मला सणसणीत लाथ मारली.

"असून अडचण नसून खोळंबा. कुत्राच आणतो आता."

"आधी फाटक नीट करा," आई म्हणाली.

"फाटकाला कोण भितं?"

मला राग आला. फाटकाला राग येऊ शकतो का, हे मला नक्की सांगता येणार नाही, पण गज तापले होते एवढे खरे.

सुट्टीच्या दिवशी आईचा धाकटा भाऊ आला. मुलांचा मामा विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीत होता. बाबांचे आणि त्याचे कधी पटले नाही. दोघे समोरासमोर बसले की अंगणात ठिणग्या उडत.

"दाजी, दिवसभर लोकांची फाटकं उघडतो मी," मामा म्हणाला. "पोरांमधे वाढलेला कुत्रा भुंकतो, वास घेतो आणि मग मालकिणीच्या तोंडाकडे बघतो. साखळीवर वाढलेला कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. थेट पोटरी धरतो."

"मग चोराची पोटरीच हवीय मला."

"चोर येणार कधीमधी," आई म्हणाली. "रोज इथे फिरणाऱ्या पोटऱ्या या आहेत." तिने बाळाकडे बोट दाखवले.

"लॅब्रॅडॉर घ्या," मामा म्हणाला. "पोरांत रमतो."

"तो चोराला चप्पल आणून देईल."

"मग अल्सेशियन."

"त्याचे केस कोण झाडणार? तू?" आईने भावालाही सोडले नाही. "माझ्या शिवणात केस आले तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल."

मामा वैतागला. "बरं, जात राहू दे. पिल्लू घ्या आणि त्याच्या आधी त्याची आई बघा. पोरांना बरोबर न्या. मांजराच्या अंगाखालचं फडकं न्या. पिल्लांसमोर एखादी ताटली पाडा. दचकून जे परत बघायला येईल, ते पिल्लू तुमचं."

"कुत्रा आणायचाय का सून बघायला जायचंय?" बाबा उठलेच. "आणि मीटरवाले साहेब, राखणीच्या कुत्र्याला पोराटोरांचा लळा लागला की तो संपला. घरात एकच हात ओळखायचा त्याने. माझा."

मित्रांनो, ही समजूत मी रस्त्यावरून जाणाऱ्या पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे.

जालीम आला तो बंद पडलेल्या एका गोदामातून. रॉटवायलर जातीचा, काळा, छाती दाराएवढी. नाव गोदामातल्या लोकांनीच ठेवलेले. पळणारे काहीही दिसले की धरायचे, इतकेच त्याला शिकवलेले होते. बाबा त्याला अभिमानाने माझ्यातून आत घेऊन आले. आईने बाळाला उचलले, भिंगरीला आत ढकलले आणि दार लावून घेतले.

मग अंगणात वैर नांदू लागले. जालीमला बाबांखेरीज कुणी हात लावायचा नाही, कुणी खायला द्यायचे नाही. आई त्याच्याकडे पाहत नसे आणि बाबांशी बोलत नसे. भिंगरीचे झोके बंद झाले. लंगडी भिंतीवरून खाली उतरेना. जालीम साखळीसकट धावून यायचा आणि माझ्यावर आदळायचा. त्याची लाळ माझ्या गजांवर वाळून जाई. मला तो मुळीच आवडत नव्हता, आणि त्यालाही मी आवडत नव्हते. त्याच्या जगाचा शेवट माझ्यापाशी होत होता ना.

रस्त्यावरचे लोकही बिथरले. मुले मुद्दाम काठी गजांवरून फिरवीत जात. जालीम थुंकी उडवीत भुंके. तेव्हा बाबांनी वेल्डरला बोलावून माझ्या दोन्ही झडपांच्या तळाशी पत्रा मारून घेतला, म्हणजे कुत्र्याचे तोंड बाहेर जाऊ नये. लंगडीची वाट बुजली. पत्र्याची कड घासून गुळगुळीत करायची राहिली. वेल्डर म्हणाला, उद्या येतो. तो आला नाही.

"चोर येत नाही म्हणता," आई एकदा अबोला मोडून शेगडी साफ करता करता म्हणाली. "गिऱ्हाईक तरी कुठं येतंय? रस्त्यातूनच ओरडतात, बॅटरी झाली का."



एका सकाळी बाबांनी अंगण धुण्यासाठी जालीमची साखळी सोडली होती. लंगडी भिंतीवरून उतरून पाणी पीत होती, ते त्यांच्या लक्षात आले नाही. घरात बाळाच्या हातून ताटली पडली. लंगडी दचकून पळाली, ती नेहमीच्या वाटेने माझ्या उजव्या झडपेकडे. तिथे पत्रा होता. ती पत्र्यावर आपटली.

जालीम सुटला. त्याच्या मागून भिंगरी सुटली. कुणाला काही कळायच्या आत तिने लंगडीला काखेत घेतले आणि माझ्या गजांवरून वर चढली. जालीम उडी मारून माझ्यावर आदळला. माझी वरची बिजागरी कधीपासून गंजलेली होती, ती त्या धक्क्याने तुटली. मी बाहेरच्या बाजूला कलले, भिंगरी रस्त्यावर पडली आणि लंगडी तिच्या काखेतून निसटून पळाली. डावी झडप नेहमीप्रमाणे उघडीच होती. जालीम बाहेर पडून तिच्याजवळ उभा राहिला. त्याच्या तोंडात लंगडीच्या शेपटीचे केस होते. भिंगरीच्या पायातून रक्त येत होते.

"चावला, पोरीला चावला," शिंपी ओरडला. माणसे धावली. कुणी दगड उचलला. बाबा दुकानातली लोखंडी पहार घेऊन बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पहार वर गेली.

"थांबा," आई म्हणाली.

ती रस्त्यात खाली बसली. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन तिने भिंगरीच्या पायावर ओतला आणि जखम नीट पाहिली.  मित्रांनो, ती एक शब्द खोटे बोलली असती, किंवा नुसती गप्प बसली असती, तरी तिचा नावडता प्राणी तिथेच संपला असता.

"दाताची खूण नाही," ती म्हणाली. "सरळ चीर आहे. पत्र्याने कापलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागेल."

"वहिनी, कुत्र्याची बाजू कशाला घेता?" शिंपी म्हणाला.

"बाजू नाही घेत. मला तो कालही नको होता, आजही नको. पण त्याने केलं नाही ते त्याच्या माथी नको." मग ती बाबांकडे वळली. "पुढच्या खेपेला करेल मात्र. पळणारं धरायला शिकवलंय त्याला, आणि पोरं पळणारच. तुम्ही हा घरासाठी नाही आणलात. रस्त्याला दाखवायला आणलात."

बाबांनी पहार माझ्या गजांना टेकवून ठेवली. 

जालीमची सोय मामाने लावली. दगड घडवण्याचे एक आवार होते, उंच भिंतींचे आणि लहान मुले नसलेले, आणि गोदामातला एक जुना हमाल तिथे कामाला लागला होता. तो न्यायला आला, तेव्हा त्याला पाहून जालीमने शेपूट हलवली. ती हलते हे मी प्रथमच पाहिले. मला आनंद व्हायला हवा होता. नीट झाला नाही.

तोवर मी खांबावरून उतरून भिंतीला टेकून पडले होते. वेल्डरने नवी बिजागरी बसवली, पत्र्याची कड घासली आणि आईने समोर उभे राहून उजवीकडे मांजरापुरते भोक कापून घेतले. डाव्या खांबाचे मात्र पुन्हा राहून गेले.

पुढच्या वेळी कुत्रा पाहायला सगळे मिळून गेले. बाळ, भिंगरी, लंगडीचे फडके आणि एक ताटलीसुद्धा. बाबा सर्वांत मागे चालत होते. पिठाच्या गिरणीमागे एक कुत्री व्याली होती. बाळ तिच्या पायात जाऊन बसले, तरी तिने नुसते हुंगले. ताटली पाडली तशी पिल्ले पांगली. त्यातले एक परत आले, ताटलीचा वास घेतला आणि फडक्यावर जाऊन झोपले. म्हणून ती चिंधी. हे सगळे मी भिंगरीच्या तोंडून ऐकले, तेव्हा थोडे तिखटमीठ असेल.

"आई अल्सेशियन, बाप वाटसरू," असे गिरणीवाला म्हणाला होता म्हणे.

"मग लोकांना जात काय सांगू?" बाबा माझ्यातून आत येतानाही धुसफुसत होते.

"सांगा, वाटसरू जात," मामा म्हणाला. "पण दाजी, सारखी कौतुकं करून नाही चालणार हिची. सहा महिने शिकवावं लागेल."

"तुझ्यापेक्षा लवकर शिकेल."

चिंधीला सगळ्यांनी खाऊ घातले. लंगडीने पहिल्याच दिवशी तिच्या नाकावर पंजा मारला आणि तेवढ्यावर त्यांचा करार झाला. मला ती काही आवडली नाही. अंग माझ्या गजांवर घासायची, केस चिकटवायची. आणि ती फारशी भुंकेना. बाबा म्हणत, "राखण करणार की नाही ही?" मी मनात म्हणे, नाहीच करणार.

मग एकदा बाबा मला ढकलून दुकानात गेले आणि मी नेहमीसारखे उघडे राहिले. बाळाचा चेंडू माझ्यातून रस्त्यावर घरंगळला. बाळ त्याच्या मागे निघाले. वळणावर टेम्पोचा आवाज येत होता. मला मिटता येत नव्हते. फाटकाला स्वतःहून मिटता येत नाही, मित्रांनो, हे माझे जुने दुःख आहे.

चिंधी उठली आणि माझ्या दोन झडपांच्या मधल्या जागेत आडवी पडली. बाळाने तिला ढकलले. तिने हलायचे नाव घेतले नाही. बाळाने तिचा कान ओढला, पाठीवरून चढायला पाहिले, तशी ती उभी राहिली आणि बाळ अलगद मागे बसले. टेम्पो चेंडूवरून गेला. फट्ट आवाज झाला. मग तिने तोंड घराकडे केले आणि मोठ्याने भुंकली.

बाबा दुकानाच्या दारात उभे होते. कधीपासून, ते मला माहीत नाही. ते आले, बाळाला उचलून घेतले आणि रस्त्यावरच्या चपट्या चेंडूकडे पाहिले. मग एका हाताने त्यांनी माझी डावी झडप धरली, बेताने वर उचलली आणि कडी लावली. त्यांच्या हातून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मित्रांनो, राखणीला कोणता कुत्रा आणावा हे सांगण्याइतके ज्ञान मला नाही. एवढेच सांगते की त्याच्या दातांकडे पाहण्याआधी आपल्या घरातले सर्वांत लहान पाऊल पाहा, आणि ते मांजराचेही असू शकते. कुत्रा आणलात तर त्याला सर्वांचा होऊ द्या. आणि त्याच्याही आधी, आज घरी गेल्यावर, आपल्या फाटकाची कडी लागते का ते पाहा. लागत नसेल, तर लाथ मारू नका. थोडे उचलून पाहा.