निळा उंचवटा

झेबाने शोधपत्रिकेचा तो अंक तीनदा उलटसुलट करून पाहिला. रेणू तिचा, आलेख तिचा आणि शोधनिबंधावर नावं दोन : तिचे मार्गदर्शक दीनानाथ सर आणि हेतल. झेबाचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पनवेलच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तीन वर्षं खपून तिने तो रेणू बनवला होता. त्याची गंमत अशी, की अतिनील दिव्याचा प्रकाश पडला रे पडला, की त्यातला एक प्रोटॉन आपला ऑक्सिजन सोडून शेजारच्या नायट्रोजनकडे उडी मारतो आणि द्रावण हिरवंगार चमकतं. दिवा विझवा, स्वारी मुकाट्याने घरी परत. 'निबंधावर नाव छापून येऊ द्या, मग निकाह,' असं तिने अब्बांना सांगितलं होतं. अब्बांनी, म्हणजे यूनुसभाईंनी, नातेवाइकांचे टोमणे ऐकून घेतले आणि दोन वर्षं आलेली स्थळं परत पाठवली.

आणि हेतल! तिच्या शेजारच्याच टेबलावर काम करायची. गेल्या ईदला झेबाच्या घरी शीरखुर्मा दोनदा मागून घेतला होता बयेने.

झेबाने पुन्हा आलेख पाहिला. हिरव्या शिखराच्या डावीकडे एक छोटा निळा उंचवटा होता आणि त्यावर चांगलं दीड पान खर्ची घातलेलं. म्हणे काही रेणूंत प्रोटॉन उडी मारतच नाही, हा निळा प्रकाश त्यांचा! झेबाला हसू आलं, पण ते काही आनंदाचं नव्हतं.

तो उंचवटा साबणाचा होता. गेल्या एप्रिलात मोजमापाच्या काचेच्या कुप्या धुवायचं रसायन संपलं. नवीन मागवायचं तर कॉलेजात महिना जातो, म्हणून तिने घरून कपड्यांची पावडर आणली. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे घालतात, तेच दिव्याखाली निळं चमकतं. हे उमगायला तिला तीन दिवस लागले. तिने वहीतल्या आलेखावर लाल फुली मारली, खाली कारण आणि तारीख लिहिली आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. कॉम्प्युटरमधली फाइल मात्र पुसायची राहिली. चोरांना नेमकी तीच देखणी वाटली.

अंक, वही आणि हातात धरायचा अतिनील दिवा घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"अगं, तुझं तर आता लग्न होईल," सर म्हणाले. "हेतलला नोकरीसाठी पब्लिकेशन लागतंय. तुला काय फरक पडतो?"

लग्नाचं तिने सरांनाच सांगितलं होतं, वडिलांच्या जागी मानून. तिने खिडकीचा पडदा ओढला आणि दिवा सरांच्या बाहीवर धरला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट निळाशार उजळला. मग तिने त्यांच्यापुढे लाल फुलीचं पान उघडलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "दुरुस्ती छापावी लागेल," ते पुटपुटले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "झेबा, दुरुस्तीत तुझं नाव घालू ना. मोजमाप करताना विद्यार्थिनीकडून चूक झाली, असं."

तीन वर्षं याच आवाजावर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

"वही इथेच ठेव," म्हणत सरांनी हात पुढे केला. झेबाने वही पिशवीत टाकली.

"ते पान मीच पाठवते संपादकांना," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

कर्नाळ्याच्या रस्त्यावर यूनुसभाईंचं हार्डवेअरचं दुकान होतं. लेकीच्या हातातला अंक दिसताच ते चष्मा पुसत उठले. "आलं का बेटा नाव?"

"सर द्यायला निघाले होते, अब्बा," झेबा म्हणाली. "चूक तेवढी माझ्या नावावर." आणि गिऱ्हाइकांच्या देखतच तिला रडू कोसळलं.