सोशल डेमोक्रॅट उजवीकडे

जानेवारी २०२२च्या मध्यात बापूंच्या नावाने लिस्बनहून रजिस्टर पत्र आलं. आत पोर्तुगालच्या संसदेसाठीची मतपत्रिका, एक हिरवं पाकीट आणि एक पांढरं पाकीट.

बापू माझे घरमालक. टोरोंटोतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहते. ते मूळचे गोव्यातल्या पेडण्याचे, वय त्र्याहत्तर. किचनर शहरातल्या टायर कारखान्यात तीस वर्षं काम केलं, त्यातली बारा युनियनमध्ये. पोर्तुगीज नागरिक ते मुलामुळे झाले. मिलिंदला आपल्या मुलींना युरोपात शिकवायचं होतं, म्हणून त्याने बापूंची १९४८ची, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतली, जन्मनोंद लिस्बनमध्ये करून घेतली. पासपोर्ट आले. सोबत मतही येईल, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मिलिंदचा फोन स्पीकरवर होता. "बापू, सोशल डेमोक्रॅटवर फुली मारा. आपली इथली कामगारांची एनडीपीच ती. नाहीतर टाका रिसायकलिंगमध्ये. तुम्ही लिस्बन पाहिलंय तरी का?"

"तुझ्या आजोबांनीही नव्हतं पाहिलं. तरी पोर्तुगीजांच्या तुरुंगात चौदा महिने काढले," बापू म्हणाले. "राज्य करताना आम्हाला कोणी विचारलं नाही. आज विचारतायत, तर सांगणार."

"सांगणार काय पण? भाषा येते?"

"गौरांगी आहे की."

मला पोर्तुगीज येत नाही, पण मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि तक्ता करायला मला आवडतं. दोन दिवस भाषांतराच्या ॲपमधून जाहीरनामे वाचले. कागदावर आडवी रेघ ओढली. डाव्या टोकाला कम्युनिस्ट आणि लेफ्ट ब्लॉक, मग सोशालिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट शेजारी शेजारी. उजवीकडे बाजारपेठवाले लिबरल, टोकाला शेगा नावाचा पक्ष.

बापूंनी तक्ता पाहिला आणि पेन उघडलं. "म्हणजे मिलिंद बरोबर. सोशल डेमोक्रॅट."

मी शेवटची पडताळणी करत होते. युरोपीय संसदेत कोणता पक्ष कोणाबरोबर बसतो ते. सोशालिस्ट समाजवाद्यांच्या गटात होते. सोशल डेमोक्रॅट मात्र बसले होते जर्मनीतल्या परंपरावाद्यांबरोबर. कंपन्यांवरचा कर कमी करण्याचं कलमही त्यांच्याच जाहीरनाम्यात होतं.

"बापू, थांबा! चुकलं माझं."

मी नावावरून जागा ठरवली होती. प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल वाचून आतलं रसायन ठरवलं असतं, तर मला बाहेर काढलं असतं.

"१९७४मध्ये तिथली हुकूमशाही पडली," मी सांगितलं. "उजवी होती, जवळजवळ अर्धं शतक चालली. त्यानंतर पाटीवर 'उजवा' कोणालाच नको होतं. हा पक्ष आधी पॉप्युलर डेमोक्रॅटिक होता, दोन वर्षांनी सोशल डेमोक्रॅट झाला. आणि त्यांच्याही उजवीकडचा पक्ष स्वतःला 'केंद्र' म्हणवतो."

बापू मोठ्याने हसले. "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आणि हे शेगा?"

"शेगा म्हणजे 'पुरे झालं'. बाहेरून येणाऱ्यांना विरोध."

"म्हणजे माझ्यासारख्यांना. आणि मत माझ्याकडेच मागतात!"

शनिवारी मिलिंद रिचमंड हिलच्या त्याच्या घरून आला. त्याला मी नवा तक्ता दाखवला.

"माझ्या घराचं काम करणारा कॉन्ट्रॅक्टर पोर्तुगालचाच आहे. तो सांगतो सोशल डेमोक्रॅट," मिलिंद म्हणाला.

"मग त्याने त्याचं मत द्यावं त्यांना," बापू म्हणाले.

"बापू, तुम्ही बारा वर्षं युनियनमध्ये होतात," मी मध्येच म्हटलं. "माझ्या हिशोबाने तुम्हाला सगळ्यांत जवळचा पक्ष..."

"तूही गप्प. तक्ता तुझा, मत माझं. दोघंही तोंडं फिरवा."

आम्ही फ्रिजकडे तोंड करून उभे राहिलो. मला खूप वळावंसं वाटलं. पेनाचा आवाज दोनदाच आला. वळलो तेव्हा हिरवं पाकीट बंद झालं होतं आणि बापू ते पांढऱ्या पाकिटात घालत होते.

"आता ओळखपत्राची प्रत लागेल," मी म्हटलं. "नाहीतर मत बाद होऊ शकतं."

"कार्ड माझ्या घरी आहे," मिलिंद म्हणाला. मग तो हसला. "कोणाला दिलंत ते सांगा, लगेच आणून देतो."

बापू बाकावर बसून बूट चढवू लागले.

"बापू, अहो, गंमत केली."

"कार्ड आणायला मी बसने जातो. दोन बदलाव्या लागतील. बदलीन."

"बाहेर मायनस अठरा आहे!"

"मग टोपी घालतो."

मीही माझं जॅकेट घेतलं. मिलिंदने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली. त्याने आम्हाला रिचमंड हिलला नेलं. त्याने कार्ड काढलं, दोन्ही बाजूंची प्रत काढून दिली, आणि यावेळी काही विचारलं नाही.

पोस्टाचं काउंटर एका फार्मसीत मागच्या बाजूला होतं. मिलिंदने पाकिटासाठी हात पुढे केला. बापूंनी ते स्वतःच आत दिलं आणि शिक्का बसेपर्यंत काउंटरवरून हलले नाहीत.