तळहातावरचं लिंबू

इंझोरीच्या मारुतीसमोरच्या आखाड्यात एकच नियम लोखंडाचा होता, बाकीचे सगळे रबराचे. उशिरा आलं तरी चाले, चार दिवस तालीम बुडवली तरी चाले. गालात तंबाखूचा खर्रा धरून कुणी लाठी फिरवली, तरी वस्ताद तोंड दुसरीकडे करत. पण चष्मा लावून आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही.

"मारुतीले चष्मा होता काय?" वस्ताद नानाजी मिशीवरून हात फिरवत विचारायचे. "द्रोणागिरी उचलाले गेला, तवा नंबर काढून गेला होता काय थो?"

यावर आखाड्यातले पोट्टे नुसत्या माना डोलवत. उत्तर तसं सोपं होतं आणि नानाजींची बायको गोजराबाई यांनी ते भाकरी थापता थापता देऊनही टाकलं होतं. "मुळी ओळखू नाही आली म्हणूनच त अख्खा डोंगर उचलून आनला त्यानं! नजर असती त दोन काड्या घेऊन आला असता. देवाच्या आड कायले लपता?"

नानाजींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांचे कान गावात सगळ्यात तिखट होते. बिघडले होते ते डोळे. तीन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत कुणी ताक ओतावं तसं झालं होतं. माणूस दिसे, पण त्याचं तोंड दिसत नसे; झाड दिसे, पण ते झाड आहे की उभा ट्रॅक्टर, हे जवळ गेल्यावर कळे. मोतीबिंदूचं शिबिर गावात दोनदा येऊन गेलं. दोन्ही वेळा नानाजी सकाळीच शेतात गेले आणि गाडी परत जाईपर्यंत तुरीत बसून राहिले.

कारण साधं होतं. तीस वर्षं ज्यानं गावाला लाठी आणि पट्टा शिकवला, त्यानं डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओट्यावर बसायचं? मग वस्ताद कशाचा? आणि आपलं हे गुपित अजून कुणाला कळलेलं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

कळलं होतं सगळ्यांना. मागच्या पावसाळ्यात भुश्यानं भरलेलं पोतं आडव्या बल्लीला टांगलं होतं आणि प्रज्वल नावाच्या पोट्ट्यानं आपला घामेजलेला सदरा त्याच्यावर वाळत घातला होता. नानाजींनी त्या पोत्याला अर्धा तास फैलावर घेतलं. "पाय फाकव! कंबर खाली घे! बोलून नाही राह्यला काहून बे, जीभ गेली काय?" प्रज्वल तेव्हा मागं भिंतीला टेकून हसू दाबत होता. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट अख्ख्या गावात पोचली, फक्त नानाजींच्या घरी तेवढी गेली नाही. गाव तसं मायाळू. ज्याचं वाईट व्हायचं आहे त्याला सोडून बाकी सगळ्यांच्या कानी घालायचं, अशी इथली माया.

या आखाड्यात दोन वर्षांपासून संस्कृती येत होती. अकरावीतली, काटकुळी, जाड भिंगांची. आत येताना चष्मा काढून मारुतीच्या कोनाड्यात ठेवायची, शेंदराचं बोट चष्म्यालाही लावायची आणि मग धुक्यात शिरावं तशी मातीत उतरायची. समोरची लाठी तिला दिसत नसे, लागल्यावर समजे. पहिलं वर्ष नडग्या काळ्यानिळ्या करून गेलं. दुसऱ्या वर्षी ती पायांचे आवाज ऐकायला शिकली. कोण कुठल्या पायावर भार देतो, कुणाचा श्वास वाराआधी अडकतो, हे तिला समजू लागलं. मग मात्र पोट्टेच तिच्यासमोर उभं राहायला कां-कूं करू लागले.

तिला पट्टा हवा होता. लांब, लवलवत्या पात्याचा, कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या मुठीचा तो पट्टा आखाड्यात एकच होता आणि नानाजींच्या घरी खुंटीला असे. तिनं कितीदा तरी मागितला. नानाजी म्हणत, "पोरीच्या जातीनं लाठी फिरवली तेच लय झालं."

दरवर्षी हनुमान जयंतीला नानाजी एका पट्ठ्याच्या तळहातावर लिंबू ठेवून ते पट्ट्यानं कापत. लिंबाच्या दोन फोडी व्हायच्या आणि हाताला चरा उठायचा नाही. फोडी मारुतीला वाहायच्या, आणि एकदा लिंबू मांडलं की ते कापल्याशिवाय आखाडा उठवायचा नाही, अशी रीत. नजर गेल्यावरही दोन वर्षं नानाजींनी ते निभावलं होतं. प्रज्वल समोर उभा राहून "जय बजरंग!" अशी आरोळी ठोकायचा. त्या आवाजापासून हात किती खाली आणि किती पुढं, हे नानाजींनी बोटांनी मोजून ठेवलं होतं. मागच्या वर्षी लिंबू बरोबर कापलं गेलं आणि त्याच्यासोबत प्रज्वलच्या मनगटातला लाल धागाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. प्रज्वलनं धागा घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवला आणि तीन दिवस तो नीट जेवला नाही.

म्हणून यंदा जयंतीला आठ दिवस राहिले तसा गावातल्या पोट्ट्यांच्या हातांवर कोप झाला. प्रज्वल उजव्या हाताला चिंधी गुंडाळून आला. "इळा लागला, वस्ताद." दुसऱ्याला चुलीचा चटका बसला होता, तिसऱ्याचा हात दारात चेंबला. चौथ्यानं घाईत दोन्ही हात बांधले आणि बिडी पेटवायला तेवढा एक सोडला. नानाजींनी एकेकाचा हात चाचपला.

"यंदा साल खराब हाये बापा," ते हळहळले. "हळद लावा."

"मी देतो हात," मागून आवाज आला. संस्कृती होती. "पन लिंबू कापलं की दुसऱ्या दिवसापासून पट्टा मले शिकवा लागन."

नानाजींनी घसा खाकरला. पोट्टे पुढं सरकले. दुसऱ्याच्या हाताची गोष्ट निघाली की माणसाला केवढा उत्साह येतो! "द्या ना वस्ताद, द्या. पोरगी हिमतीची हाये," प्रज्वल म्हणाला.

"शिकवतो," नानाजी म्हणाले.

"आन् उभी राहीन तवा चष्मा लावू काय?"

"आखाड्याचा नियम माहीत हाये ना तुले?"

दुपारी ताटावर बसल्यावर गोजराबाईंनी विचारलं, "खरं सांगा, लिंबू दिसते काय?"

"तीस वर्सं झाले कापून राह्यलो."

"मी वर्सं नाही विचारले."

नानाजींनी पाण्याचा तांब्या घ्यायला हात पुढं केला. तांब्या वीतभर डावीकडे होता. गोजराबाईंनी तो सरकवला नाही. ते चाचपत राहिले, त्या बघत राहिल्या.

यंदा आणखी एक गोष्ट झाली होती. गावानं हनुमान जयंतीला जोडून अखंड हरिनामाचा सप्ता बसवला होता. सात दिवस विणा खाली टेकवायचा नाही, नाम थांबू द्यायचं नाही. शेवटच्या दिवशी आधी वस्तादाचं लिंबू, मग काल्याचं कीर्तन आणि मग महाप्रसाद. नानाजींना यात वावगं काही वाटलं नाही. नामाचा आवाज किती मोठा असतो, हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

त्या दिवशी ते पट्टा चढवून मातीत उतरले आणि जागच्या जागी थांबले. आसेगावहून आलेले चाळीस टाळकरी पारावर उभे होते. मृदंग घुमत होता. विणेकरी मधोमध डुलत होता. दोन्ही बाजूंचे भोंगे ते सगळं चौपट करून गावावर ओतत होते. एरवी याच नामात नानाजी डोळे मिटून तल्लीन होत. आज त्या आवाजात त्यांना स्वतःचं खाकरणंही ऐकू येईना.

ते चाचपडत सप्त्याचा कारभार पाहणाऱ्या भाऊसिंगजवळ गेले. "भाऊसिंग, पाच मिनिटं टाळ थांबव बापा."

"काहून?"

"मन लागून नाही राह्यलं."

भाऊसिंगनं दोन्ही कानांना हात लावले. "वस्ताद, नामानं मन लागत नाही त कायनं लागते? सात दिवसाचं अखंड नाम तुमच्या एका लिंबासाठी खंडित करू काय? पाप कोनाच्या डोक्यावर?"

बोलणं बिनतोड होतं. नानाजी परत फिरले. समोर संस्कृती उभी होती, म्हणजे समोर एक पांढुरकी रेघ होती. तिनं आरोळी ठोकली असेल. टाळांनी ती गिळून टाकली. भोवती सगळं गाव. कालपर्यंत हाताला चिंध्या बांधून फिरणारे पोट्टे पहिल्या रांगेत होते. मोबाईल धरताना अडचण होते म्हणून चिंध्या सोडल्या होत्या.

"होऊ द्या वस्ताद!" ते ओरडत होते. "मारा!"

नानाजींनी पट्टा उचलला. प्रज्वलच्या मापानं अंतर धरलं, छातीच्या खाली चार बोटं. मग कुणास ठाऊक, त्यांच्या मनात आलं की एकदा डाव्या हातानं जागा बघून घ्यावी. लोकांना वाटेल, आशीर्वाद देतात. त्यांनी हात पुढं केला. जिथं लिंबू असायला हवं होतं, तिथं त्यांच्या बोटांना कान लागला. पोरीचा गरम, बारीक कान, त्यात खडीचं डूल.

पोरगी प्रज्वलपेक्षा हातभर बुटकी आहे, हे ते विसरले होते.

पट्टा हवेतच थांबला. संस्कृतीनं तोंड त्यांच्याजवळ आणलं. "वस्ताद, मले त तुमी दिसून नाही राह्यले. तुमाले लिंबू दिसते ना?"

ती भोळेपणानं विचारत होती की जाणून, हे तिचं तिला माहीत. तीस वर्षांत हा प्रश्न आखाड्यात कुणी विचारला नव्हता. एक 'हो' म्हटलं की वस्तादकी राहत होती आणि पोरीचं डोकं जात होतं.

"नाही," ते म्हणाले. मग मोठ्यानं ओरडले, "मले दिसत नाही!"

"काय म्हनते वस्ताद?" रांगेत कुणीतरी विचारलं.

"म्हनते, लिंबू मोठं द्या."

पुढच्यांनी नीट ऐकलं होतं, पण एवढा तमाशा कोण सोडतो? मोबाईल तसेच वर राहिले. शेवटी नानाजी अडखळत पारापाशी गेले, भाऊसिंगच्या हातातून माईक ओढून घेतला आणि हरिनामाच्या वरून त्यांचा आवाज भोंग्यांतून शिवारभर गेला, "मले दिसत नाही! तीन वर्सं झाले! मी खोटा वस्ताद होय!"

गाव थक्क झालं. म्हणजे थक्क झाल्यासारखं त्यानं केलं. "अरे देवा! काय सांगता!" बायांनी तोंडाला पदर लावले. "आमाले त कवाच समजलं नाही," असं भाऊसिंग म्हणाला तेव्हा गोजराबाई इतक्या जोरात हसल्या की मृदंगवाल्याची थाप चुकली.

पण लिंबू मांडलेलं होतं. ते कापल्याशिवाय आखाडा उठणार नव्हता आणि आखाडा उठल्याशिवाय कीर्तन सुरू होणार नव्हतं. नानाजी म्हणाले, "पोरी, चष्मा घाल. पट्टा तू घे."

"तिनं कवा धरला पट्टा?" प्रज्वल ओरडला.

"धरला ना," संस्कृती म्हणाली. "दीड वर्स झालं. वस्ताद दुपारी झोपते तवा गोजराआजी दार उघडून देते. चष्मा लावूनच."

नानाजींनी बायकोच्या दिशेनं, म्हणजे बायको असावी अशा अंदाजानं, पाहिलं. मग गावाकडे वळले. "हात कोन देते?"

पहिल्या रांगेतले मोबाईल एकदम खाली आले. दोघांना लघवी लागली. प्रज्वलनं खिशातली चिंधी चाचपली. नाम चालूच होतं. देवाला काही घाई नव्हती.

कुणीच उठेना, तेव्हा नानाजींनी स्वतः मातीत मांडी घातली. उजवा हात पुढं केला. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे हात मागितले होते, आपला हात असा उघडा ठेवल्यावर कसं वाटतं हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. लिंबू दोनदा घरंगळलं. कोनाड्यातला चष्मा लावून, पट्टा चढवून आलेल्या संस्कृतीनं ते तिसऱ्यांदा ठेवलं.

"हलू नका जी," ती म्हणाली.

"मी कायले हलतो?" म्हणत नानाजी हलत होते. त्यांनी डोळे घट्ट मिटले. उघडे असते तरी फरक नव्हता.

वाऱ्याचा एक सपकारा आला. मग तळहाताला ओलं लागलं, कोमट, बोटांमधून मनगटाकडे ओघळणारं.

"गेला!" नानाजी किंचाळले. "माह्या हात गेला व माय!"

टाळकऱ्यांचाही ठेका क्षणभर डळमळला. विणेकऱ्यानं मात्र नाम सोडलं नाही. गाव पोट धरून हसत होतं, आणि पुढच्या रांगेतले सगळ्यात जास्त. गोजराबाई येऊन नवऱ्याजवळ बसल्या, त्यांचा ओला हात धरला आणि तो त्यांच्याच तोंडाला लावला.

नानाजींनी जीभ लावली. थांबले. परत लावली.

"आंबट हाये," ते म्हणाले.

"मंग काय गोड लागन?" गोजराबाई म्हणाल्या. "उठा आता. बुवा आले कीर्तनाले. आन् परवा शिबिराची गाडी येते, तुरी कवाच्या निंगल्या. आता लपाले जागा नाही."