आठ मात्रांची शांतता

शिकवणीच्या पोरीला कॉलेजात नापास केलं हे कळलं तेव्हा भोंगासर दाढी करत होते. ते तसेच निघाले होते, अर्ध्या गालाला फेस घेऊन, पण बायकोने दारात अडवलं. "आधी तोंड पुसा, मग भांडायला जा," ती म्हणाली. सरांनी तोंड पुसलं आणि भांडायला गेले.

भोंगासर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ट्रम्पेट आणि गळा, दोन्हींचा आवाज सारखाच मोठा, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. पाठीमागे म्हणता म्हणता पोरं तोंडावर म्हणायला लागली. तरुणपणी सर हॉटेलच्या जेवणघरात जॅझ वाजवायचे आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून जेवायचे. मग त्यांनी स्वतःचा बँड काढला, स्वतःच्या रचना केल्या, आणि त्यातल्या एकीची रेकॉर्ड इतकी गाजली की कॉलेजने घरी माणूस पाठवून जॅझचा विभागच त्यांच्या हाती दिला. निवृत्त होताना तो त्यांनी आपल्या पट्टशिष्याकडे सोपवला. इथेच सगळं नडलं.

त्या रेकॉर्डमध्ये सरांचं ट्रम्पेट ऐन रंगात आलेलं असताना एकदम आठ मात्रा थांबतं. मागे ड्रम चालू, बासच्या तारा चालू, आणि ट्रम्पेट गप्प. जाणकारांनी त्या शांततेवर पानंच्या पानं लिहिली. कुणी तिला विरह म्हटलं, कुणी ध्यान. खरी गोष्ट अशी की ट्रम्पेटची मधली कळ खाली गेली ती वर येईना, आणि सर ती नखाने उपसत, मनातल्या मनात शिव्या घालत उभे होते. हे त्यांनी आयुष्यभर भेटेल त्याला सांगितलं. कुणी मानलं तर शपथ! "काय विनय आहे बघा," म्हणून लोक उलट आणखी वाकायचे.

आता पट्टशिष्याने ती रचना परीक्षेला लावली होती. शांततेसकट, मोजूनमापून. आणि सरांच्या घरी येऊन शिकणाऱ्या या पोरीने त्या आठ मात्रांत स्वतःचं काहीतरी वाजवलं होतं. फेरपरीक्षा दुपारी होती. तीही गेली की तिचं नाव कॉलेजातून कमी होणार होतं.

कॉलेजच्या जिन्यात ती ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

"सर, मी आता गप्प राहीन," ती म्हणाली. "आठपर्यंत मोजेन आणि गप्प राहीन. मला इथून जायचं नाहीये."

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाजवायला आलेली पोर गप्प बसायचा सराव करत होती!

"आण ते इकडे," ते म्हणाले. "आणि तू इथेच थांब."

परीक्षेच्या खोलीत मधोमध जाड पडदा असे. वाजवणाऱ्याचं तोंड परीक्षकाला दिसू नये, ओळखीपाळखीचा वशिला चालू नये, म्हणून सरांनीच ही पद्धत घातली होती. पोरीचा नंबर पुकारला तेव्हा पडद्याआड सर जाऊन उभे राहिले. साथीचं रेकॉर्डिंग सुरू झालं. ती आठ मात्रांची जागा आली आणि सर थांबले नाहीत. सकाळपासून पोटात साठलेलं सगळं त्यांनी तिथे ओतलं. घोगरं, ओबडधोबड, आणि शेवटी मुद्दाम एक वाकडा सूर.

"बास!" पलीकडून पट्टशिष्याचा आवाज आला. "फेरपरीक्षेलाही तेच? मूळ रेकॉर्ड ऐकायचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. सर असं कधीच वाजवणार नाहीत. नापास."

सरांनी पडदा असा ओढला की निम्म्या कड्या खाली आल्या.

पट्टशिष्य पांढराफटक पडला. "सर... तुम्ही?"

"मी कुठला? सर असं कधीच वाजवणार नाहीत!"

"तुमची गोष्ट वेगळी, सर. मला माहीत असतं तर..."

"तर मान डोलावली असतीस! तू कानाने ऐकतोस की नावाने रे?"

"मी तुमचंच जपतोय हो, सर," पट्टशिष्य म्हणाला. "तुमच्यामागे हे कोण जपणार?"

"जपायला मी काय मेलोय? आणि मेलो तरी काय जपशील, माझी अडकलेली कळ?" भोंगा अख्ख्या मजल्याला ऐकू जात होता. "भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात. मला मान नको, पण तू स्वतःला आवर!" त्यांनी ट्रम्पेट त्याच्या हातात कोंबलं. "वाजव. ती जागा. तुझं काहीतरी."

हाच पोरगा एकेकाळी रोज नवीन काहीतरी वाजवून सरांच्या शिव्या खायचा. त्याने ट्रम्पेट ओठांना लावलं. नुसता श्वास आला. त्याने ते खाली घेतलं.

"सुचत नाही, सर."

सरांना त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी पोटाशी धरावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. "ज्यांना सुचतं त्यांना तरी नापास करू नकोस," ते म्हणाले आणि त्यांनी पोरीला हाक मारली.

ती धावतच आत आली. चेहरा उजळलेला, हातात फोन. "सर, मी दाराबाहेरून सगळं रेकॉर्ड केलं! आता हेच पाठ करते आणि वाजवते. हे तर तुमचंच आहे, मग कोण नापास करेल?"

सर खुर्चीत मटकन बसले. पालथ्या घड्यावर पाणी.

"पूस ते," ते म्हणाले.

"पुसू नकोस!" पट्टशिष्य ओरडला. "आधी मला पाठव!"

"पूस म्हणतो ना!"

पोरीने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा पट्टशिष्याकडे. तिचा चेहरा लाल झाला. "हे म्हणतात गप्प राहा. तुम्ही म्हणता गप्प राहू नको. तुमचं वाजवलं तर तुम्हाला चालत नाही, माझं वाजवलं तर यांना चालत नाही. सहा महिने ओठ सोलवटून घेतलेत मी! तुमचं काय ते भांडण तुम्ही घाला की घरी जाऊन!"

तिने दोघांच्या देखत ते पुसलं, फोन पिशवीत भिरकावला आणि पट्टशिष्याच्या हातून ट्रम्पेट हिसकावून घेतलं. साथीचं रेकॉर्डिंग लावायलाही ती थांबली नाही. उभ्या उभ्या तीच रचना वाजवायला लागली, डोळे पाण्याने भरलेले, दोघांकडे पाठ करून.

तिच्या नंबरापुढचं 'नापास' पट्टशिष्याने खोडलं, पण ते नंतर. त्या वेळी दोघंही जागचे हलले नाहीत, आणि आठ मात्रांची ती जागा कधी येऊन गेली ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.