लाल एमजीखालची थाळी

अल कुसैसच्या यतीन राणेकडे पैसा झाला होता, आता त्याला खानदान हवं होतं. ते दुबईतल्या मॉलमध्येही मिळेना, तेव्हा त्यानं साठच्या दशकातली लाल एमजी गाडी घेतली. जुन्या गाड्यांच्या क्लबात एकदाचं मेंबर व्हायचं, हा एकच ध्यास. कुणी घराण्याबद्दल विचारलंच, तर ‘आमचं शिपिंग होतं’ हे उत्तर त्यानं घोकून ठेवलं होतं.

खरं घराणं म्हणजे आई, तानुबाई. तिनं आणि तिच्या कैलासवासी नवऱ्यानं, जगन्नाथनं, मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पाशेजारी मेस चालवून ह्याला इंजिनियर केला होता.

क्लबच्या तपासणीच्या दिवशी नारळ फोडायला म्हणून तीही आली. पाहते तर गाडीखाली ऑईल ठिबकतंय. लोकाच्या फरशीवर डाग पाडायचा म्हणजे लाजच की! तिनं नारळाखालची स्टीलची थाळी काढली आणि हळूच गाडीखाली सरकवली.

क्लबच्या अध्यक्षा नबिला आल्या. यतीन सुरू झाला, “मॅडम, एमजी मतलब मॉरिस गॅरेजेस! ऑक्सफर्ड का एक गॅरेज. वहाँ के मॅनेजर ने सीधीसादी मॉरिस पे स्पोर्ट्स बॉडी चढाई, और ये खानदान शुरू हुआ!” दुसऱ्याचं गॅरेज सांगताना त्याची छाती फुगून शर्टाची बटणं ताणली होती.

“माशाल्ला! छोटी शुरुआत, बडा नाम,” नबिला खूश झाल्या. वाकून त्यांनी खालची थाळी ओढली. काठावर ठोकून कोरलेली अक्षरं होती : जगन्नाथ मेस, मुहैस्नाह. “ये क्या लिखा है, हबीबी?”

यतीन घाईघाईनं म्हणाला, “कुछ नहीं मॅडम. नौकरों की थाली है.”

तानुबाईचा जन्म हिंदीत जेवण वाढण्यात गेला होता. तिला शब्द न्‌ शब्द कळला. तिनं थाळी उचलून पदराखाली धरली. पोटच्या पोरानं बापाला नोकर केलं, हे तिच्या काळजात रुतलं.

मेंबरशिप मिळाली. मेंबरला चांदीची थाळी देण्याचा क्लबचा रिवाज होता. ती नाचवत यतीन स्वयंपाकघरात आला.

“आई, बघ, प्युअर सिल्व्हर! यावर फॅमिलीचं नाव घालून देणार आहेत. काय घालू?”

तानुबाई स्टीलच्या थाळीचं ऑईल साबणानं घासत होती. तिनं ती धुतली, पुसली, भात-आमटी वाढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“नोकरांना काय विचारताय, शेठ? जेवून घ्या.”