लोणच्यावरचा हिरवा दगड

मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती, ते मात्र विचारू नका मित्रांनो. मी जन्मलो तेव्हा वय मोजणारं कुणीच नव्हतं. जमिनीखाली खूप खोल, प्रावरणात माझं घर होतं. आमच्या खालून एक भूपट्ट तिरका आत शिरत होता आणि जाता जाता आम्हालाही ओढत होता. आम्ही काही वितळलेले नव्हतो, पण तिथल्या उष्णतेत दगडालाही वाकावं लागतं. ओढ खाऊन खाऊन माझे हिरवे कण एकाच दिशेला निजले. पुढे डोंगर वर आले, त्यांच्याबरोबर मीही आलो.

मग सुरुंग लागला आणि वॅगनमध्ये बसून मी भिलाईच्या कारखान्यात पोचलो. लोखंडातला मळ वेगळा व्हावा म्हणून आमच्यासारखे दगड भट्टीत टाकतात. बेल्टवरून मी भट्टीकडे निघालोच होतो. पण फार मोठे गोटे बाजूला काढायचं काम केवलराम यांच्याकडे होतं. त्यांनी मला उचललं, अंगठ्याने पुसलं आणि माझा रंग पाहून त्यांचा चेहरा खुलला.

गेटवर शिपायाने हटकलं, “ये पत्थर कहाँ ले जा रहे हो?”

“अचार पे रखने का है, भैया.”

शिपाई पोट धरून हसला आणि मी सुटलो.

सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये केवलराम यांच्या पत्नी रत्नमालाबाईंनी मला घासूनपुसून कैरीच्या लोणच्यावर ठेवलं. वजनाला असा गोटा दुसरा नाही, असं त्या कौतुकाने सांगत. मला त्या घराचा फार लळा लागला.

काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने केवलराम गेले. त्यानंतर रत्नमालाबाई मला कुणाला हातही लावू देईनात. त्यांची मुलगी जया शिकायला हैदराबादला गेली. घर एकदम सुनं झालं.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात जया घरी आली, बरणी उघडली आणि मला उजेडात नेऊन ओरडलीच, “आई, यही तो चाहिए था मले!”

अंदमानच्या भूकंपांच्या नोंदी ती तपासत होती. तिथेही एक भूपट्ट खाली सरकतो. त्याच्या वरच्या प्रावरणातून येताना भूकंपाची एक लहर दुभंगते. एक भाग आधी पोचतो, दुसरा मागून. असं का होतं, हे तिला तसाच दगड कापून दाखवायचं होतं. प्रयोगशाळेतले नमुने भुसभुशीत झाले होते.

रत्नमालाबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. “तुया बाबाच्या हातचा गोटा आहे तो. त्याले कापू म्हणते?”

जयाचा चेहरा पडला. “राहू दे आई,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रत्नमालाबाई अंगणात शेवया करत होत्या. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, “का आहे वं त्या गोट्यात?”

जया त्यांच्याजवळ बसली. “हे पाय. तू ओढून राहिली तशी सारी कणीक लांबते ना? जमिनीखाली दगड असाच ओढल्या जातो. कण त्या अंगानं झोपतात. त्यांच्या अंगानं लहर लवकर जाते, आडवी गेली का उशीर. खाली ओढ कोणीकडं आहे, ते वरूनच समजते.”

रत्नमालाबाईंचे हात थांबले. “अर्धा मले ठेवता येईन?”

“तिन्ही बाजूंनं कापा लागते, आई. उरन का नाही, सांगता येत नाही.”

त्या उठल्या. मला धुतलं, पदराने कोरडं केलं, क्षणभर पोटाशी धरलं आणि जयाच्या पिशवीत ठेवलं. “पूरा ने. लोणचं दुसऱ्या गोट्यानंबी मुरते.”

करवत लागली तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला सांगू? पण माझ्यातून लहर गेली आणि खरंच दुभंगली, तेव्हा जया एकाच वेळी हसत आणि रडत होती. माझे तीन चौकोनी तुकडे तिने डबीत ठेवले. नमुन्याला सापडल्या गावाचं नाव देतात. तिने डबीवर शाईने लिहिलं: केवलराम.

आता त्या डबीवर धूळ बसते. मित्रांनो, वस्तू जपणं म्हणजे नुसती झाकून ठेवणं नव्हे. ज्याला तिची गरज आहे त्याच्या हाती ती देणं, हेही जपणंच. कधी आलात तर मला जरूर पुसा. फक्त त्या नावावरून ओलं फडकं फिरवू नका, शाई कच्ची आहे.